चालीचे आठ आणे

बैलाची पारख करावी तर शिरड शहापूरच्या तातेरावांनीच, असं सारा तालुका म्हणायचा, आणि तातेराव ते ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचे. त्यांचा हिशेब सोपा होता. रूपाला चार आणे, मोलाला चार आणे, चालीला आठ आणे. सोळा आणे भरले तरच जनावर दावणीला बांधायचं. आणि चाल बघायची ती गाडीत बसून न्हाई, मागून पायी चालत. धुळीतला माग बघायचा. मागचा खूर पुढच्या खुराच्या मागावर पडला तर जनावर सरळ. बाजूला पडला तर पाठीत खोड आहे, मग ते दिसायला राजा का असेना.

आता गावात बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या. पण तातेरावांचं नाव राहिलं होतं, आणि माणसाला नावाची चटक लागली की ती सुटते थोडीच!

त्यांच्या एकुलत्या एका पोराला, स्वप्निलला, स्पोर्ट्स कार घ्यायची होती. लग्न नवं, हळद यंदा चांगली पिकलेली, आणि नांदेडला कुणाची तरी बसकी, गुरगुरणारी गाडी पाहून आल्यापासून पोरगं झोपेतही गिअर टाकत होतं. हिंगोलीचा हरिचंद जुन्या गाड्या आणून विकायचा. मार्चमधल्या एका सकाळी तो आणि त्याचा ड्रायव्हर दोन गाड्या घेऊन तातेरावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, आले. एक राखाडी, एक लालभडक. दोन्हींना दोनच दारं, दोनच सीटा.

"अगं बाई! चौघांच्या घरात दोघांची गाडी?" तातेरावांची बायको गोजरबाई म्हणाली. "मला काय डिक्कीत घालून न्हेतोस का रे?"

सगळे हसले. गावातली दहा-पंधरा माणसं जमलीच होती.

"आबा, तुमी बघा," स्वप्निल म्हणाला. "तुमी म्हणाल तीच घेतो."

राखाडी गाडीला रूप म्हणून नव्हतं. मागून फुगलेली, पुढून चपटी, आणि वर महाग. लालीचं विचारूच नका. ऊन तिच्या पाठीवरून घसरत होतं. तातेरावांनी बॉनेटवरून हात फिरवला, बैलाच्या वशिंडावरून फिरवावा तसा, आणि चार आणे तिथंच दिले.

मोलाच्या वेळी हरिचंदनं हातावर टॉवेल टाकला. बैलबाजारात टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरवतात, तसा. म्हातारा खूश झाला. टॉवेलाखाली हरिचंदची बोटं मोजून मात्र तो थबकला. राखाडीपेक्षा निम्मा भाव!

"काहून इतकी स्वस्त?"

"मालक परदेशी गेला काका. घाई होती."

देखणं आणि स्वस्त एकाच दोरीला आलं की दोरी सोडून पळावं, हे तातेरावांचंच बोलणं. बाजारात शंभर वेळा लोकांना ऐकवलेलं. आज ते त्यांच्याच ओठापर्यंत आलं आणि तिथून मागं फिरलं. मोलाचेही चार आणे लालीला मिळाले.

राहिली चाल. तातेराव सवयीनं गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले, तर सगळे खो खो हसले. "आबा, हिच्या मागं चालता का पळता? बसा आत!" स्वप्निलनं दार उघडलं. लोकांनी मोबाईल वर धरले होते. एवढ्यांसमोर हसं कशाला, म्हणून तातेराव बसले, आणि तिथंच चुकले.

आधी राखाडीत बसले. "बराबर हाय," उतरून म्हणाले, "पण जीव रमत न्हाई." मग लालीत. अन् काय सांगावं! डांबरी लागताच गाडीनं अशी उडी घेतली की म्हाताऱ्याची पाठ सीटला चिकटली आणि टोपी मागं उडाली. बासष्टाव्या वर्षी तातेराव लहान लेकरागत ओरडले. कॅनॉलच्या वळणावर गाडी जराशी डावीकडं ओढल्यासारखी झाली, जोडीतला एक बैल अंग टाकतो तशी. त्यांना ते कळलं. पण हसू पोटात मावत नव्हतं, त्यात ते बुडून गेलं.

"चाल?" परत आल्यावर लोक ओरडले.

"आठ आणे! सोळा आणे गाडी हाय!"

सून प्रियंकानं गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. आणि रीत अशी, की हळद लागलेल्या जनावराची खोड कुणी बोलायची नसते. अपशकुन समजतात.

"मामा, आमी हट्ट्याला जाऊन येतो," प्रियंका म्हणाली. हट्टा तिचं माहेर. "आईला गाडी दाखवून संध्याकाळी परत."

राखाडी घेऊन ड्रायव्हर आधीच गेला होता. लाली त्याच्या मागं धुरळा उडवत गेली. तातेराव आपल्या जुन्या खोडीनं फाटकापर्यंत तिच्या मागं चालत गेले, आणि खाली बघून जागच्या जागी थांबले.

धुळीत दोन्ही गाड्यांचे माग होते. राखाडीची मागची चाकं पुढच्यांच्या मागावरून सरळ गेलेली. लालीचं मागचं डावं चाक पुढच्या मागाच्या चार बोटं बाहेर, उजवं तितकंच आत. गाडी पुढं बघत होती आणि तिरपी चालत होती. हिची पाठ मोडलेली होती. कुठंतरी मोडून, जोडून, रंग मारून आणली होती.

हरिचंद जवळ आला. तातेरावांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं, तशी त्यानं नजर खाली घातली.

"हळद लागली ना काका," तो हळूच म्हणाला. "आता काहून बोलायचं? तुमीच सोळा आणे दिले."

तातेरावांचा हात खिशातल्या मोबाईलवर होता. मागं कुणीतरी म्हणालं, "बैल असो का मोटार, तातेरावांचा डोळा म्हंजे डोळा!" हात खिशातून रिकामाच बाहेर आला. संध्याकाळी पोरं आली की सांगू गुपचूप, असं त्यांनी मनाला समजावलं, आणि हरिचंदसोबत बसून चहा प्यायला. अरे माणसा, एका फोनाचं काम होतं!

अर्धा तास झाला, लोक पांगले, हरिचंदही कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेला, तेव्हा तातेरावांनी फोन लावला. प्रियंकानं उचलला, स्पीकरवर टाकला.

"स्वप्न्या, गाडी थांबव. बाजूला घे. हिच्यात खोड हाय."

"काय आबा!" स्वप्निल हसला. "सोळा आणे तुमीच दिले की. साऱ्या गावासमोर!"

"चुकलो मी. थांब म्हणतो ना!"

"तुमचं कधी चुकलंय का? ऐका, नवा रस्ता मोकळा हाय. खरी चाल आता ऐकवतो तुमाला."

इंजिन चढत गेलं. प्रियंका हसत होती. मग ती "अहो, अहो" म्हणाली, आणि तिचं हसू तुटलं. पुढं जो आवाज आला तो तातेरावांनी कानापासून दूर धरला नाही, शेवटपर्यंत ऐकला. त्यानंतर फोन चालूच होता, पण पलीकडून कुणी बोलेना. ते हाका मारत राहिले.

गोजरबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय म्हणतंय पोरगं? पोचले का?"

तातेराव फाटकाकडं बघत होते. धुळीतले माग अजून तसेच होते.

"गोजर," ते म्हणाले, "मला दिसलं होतं. ते निघाले तवाच दिसलं होतं."