दानिलोच्या नावाचं रक्त

भत्ता मंडळाच्या कचेरीतल्या बाईंनी टाचणी काढून रक्ततपासणीचे पाचही अहवाल टेबलावर ओळीनं मांडले. पंख्याच्या वाऱ्यानं कडेचा कागद उडायला लागला, तसा त्यावर शिक्का ठेवला.

"हे चार, साखर कारखान्याच्या दवाखान्यातले. ऊसतोडणीच्या आधीचे, दर ऑक्टोबरचे. आणि हा या मार्चमधला, सरकारी. बरोबर?"

"हो, बाई." दानिलोनं पुन्हा बसण्याची बाजू बदलली. एका जागी त्याला बसवत नव्हतं.

"सरकारी अहवालात क्रिएटिनिन चार पूर्णांक सहा. मूत्रपिंडं बिघडली की हा आकडा चढतो. तुझी जवळजवळ गेलीच म्हणायची. पण कारखान्याचे कागद सांगतात, पाच महिन्यांपूर्वी तू ठणठणीत होतास. अचानक झालेलं बरंही होतं, असं मंडळ म्हणेल. भत्ता मिळतो तो कायमचं काम सुटलेल्याला. त्याला जुना पुरावा लागतो, बाबा."

दानिलोचं उत्तर बाहेर बाकावर बसलं होतं. त्या चारही वेळचं रक्त त्याचं नव्हतंच. खरा आकडा दिसला असता तर तोडणीच्या यादीतून नाव उडालं असतं. म्हणून दर ऑक्टोबरला नोएल, त्याचा वर्षानं लहान भाऊ, तसंच नाक, तसेच कान, दानिलोचं ओळखपत्र घेऊन जायचा आणि बाही वर करायचा. नोएल वीटभट्टीवर होता. उसात तो कधी गेला नाही, त्यामुळे त्याच्या नावाचं रक्त कुणी मागितलंच नव्हतं. सकाळी बसमध्ये तोच म्हणाला होता, "सांगून टाक, दादा. मी आहे की साक्षीला. भट्टीवाला थोडाच मला हाकलतोय!"

दानिलोनं घसा साफ केला. "बाई, बाहेर माझा भाऊ बसलाय. त्याला जरा आत..."

"थांब. आधी आकडे ऐकून घे, मागाहून वाद नको." बाईंचं बोट कागदांवरून सरकलं. "पहिल्या वर्षी शून्य पूर्णांक आठ. दुसऱ्या वर्षी तेवढंच. मग एक. आणि गेल्या ऑक्टोबरात एक पूर्णांक तीन. काठावर, पण पास. हं, भावाचं काय म्हणत होतास?"

दानिलोनं चौथा कागद ओढून घेतला. वाचला. मग तिसरा वाचला, आणि परत चौथा.

"काही नाही."

"मग 'पुरावा अपुरा' असं लिहावं लागेल मला. सहा महिन्यांनी पुन्हा यावं लागेल."

"लिहायचं ते लिहा. सरकारी दवाखान्यात रक्त किती वाजेपर्यंत घेतात?"

"अकरा. पण तुझं तर आत्ताच झालंय..."

तो दारापाशी पोचला होता.

बाहेर नोएल प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा दातानं फाडून पिनोल, भाजलेल्या मक्याच्या पिठाचं थंड पेय, पीत होता. भावाला पाहताच त्यानं कॉलर नीट केली.

"बोलावलं का मला? साक्ष द्यायची म्हणून बायकोकडून इस्त्री करून घेतलीय शर्टाला. तिला वाटलं, कुणाच्या लग्नाला चाललोय."

"ऊठ. दवाखाना बंद होईल. रक्त द्यायचंय."

"परत?" नोएल हसत हसत बाही वर सारायला लागला. "आण तुझं कार्ड."

"माझं नाही. तुझं घे."

"माझं कशाला? माझ्या रक्ताला काय धाड भरलीय? चार वर्षं पास होतंय की!"