मामाची बाजू

लहानपणापासून तिच्याशी वाद घालून कोणी जिंकले नव्हते, म्हणून घरात सगळे तिला वकीलबाई म्हणत. आई सांगे, पाच वर्षांची असताना झोपायचे का, यावर तिने सलग तासभर मुद्दे मांडले होते आणि शेवटी मुद्दे ऐकणारी आईच झोपून गेली होती. अशा मुलीला कॉलेजात वादाच्या निबंधावर अडावे लागेल, असे कोणाला स्वप्नातही वाटले नसते. पण ती अडली होती, आणि एकदा नव्हे, दोनदा.

अर्थशास्त्राच्या सरांचा नियमच तसा होता. सरकारच्या कुठल्याही एका धोरणावर निबंध लिहायचा. अर्धा निबंध आपल्या बाजूचा आणि अर्धा समोरच्याचा. समोरच्याची बाजू अशी लिहायची की ती मानणाऱ्या माणसाने वाचावी, मान डोलवावी आणि खाली सही करावी : होय, माझे म्हणणे हेच आहे. सही नसेल, तर सर निबंध न वाचता परत देत. "ज्याचं म्हणणं तुला नीट सांगता येत नाही," ते म्हणत, "त्याला तू हरवणार कशी? तू फक्त एका बुजगावण्याला मारतेस."

वकीलबाईने विषय घेतला होता पावाच्या दराचा. सहा वर्षांपूर्वी सरकारने ठरवून दिले होते की एक पाव अमुक एका किमतीलाच विकायचा, त्याहून पैसाही जास्त घ्यायचा नाही. गरिबाच्या ताटात पाव राहावा, हा हेतू. वकीलबाईला हे धोरण मनापासून पटत होते. विरोधक शोधायला तिला लांब जावे लागणार नव्हते. तिचा सख्खा मामा बेकरीवाला होता आणि त्या दराचे नुसते नाव काढले तरी त्याचे कान लाल होत.

पहिल्या वेळी तिने लायब्ररीतली चार पुस्तके वाचून मामाची बाजू स्वतःच लिहून काढली आणि सहीसाठी त्याच्यापुढे धरली. मामाने पिठाचे हात पुसले आणि दोन ओळी वाचल्या.

"'बाजारातील मागणी-पुरवठ्याच्या समतोलात व्यत्यय'," त्याने मोठ्याने वाचले. "हा माणूस कोण गं? मला भेटला तर मी ह्याला पावसुद्धा विकणार नाही."

"मामा, हे तुझंच म्हणणं आहे."

"माझं? मी असं बोललो तर तुझी मामी मला डॉक्टरकडे नेईल."

सही मिळाली नाही. निबंध परत आला.

दुसऱ्या वेळी तिने आडवाट धरली. कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानदाराची सही घेतली. तो भला माणूस. त्याने वाचलेही नाही आणि झोकात सही ठोकली. सर पक्के. दुसऱ्या दिवशी ते त्याच दुकानात खडू घ्यायला गेले आणि सहज विचारले, पावाच्या दराबद्दल तुमचे म्हणणे काय? दुकानदार म्हणाला, "मुलगी फार गुणी आहे हो." निबंध पुन्हा परत आला. आणि या वेळी सरांनी वर लाल शाईने लिहिले होते : शेवटची संधी, दहा दिवस. निबंध नाही तर पास नाही, आणि पास नाही तर अख्खे वर्ष पाण्यात.

वकीलबाईच्या तोंडचे पाणी पळाले. पण ती हातपाय गाळणाऱ्यांतली नव्हती. पुस्तके मिटून, ठरलेल्या दरात कोण किती वजनाचा पाव देतो ते पाहायला, तिने वजनकाटा हातात घेतला. शहरात बेकऱ्या सात. रोज सकाळी कॉलेजला जाताना ती मामाच्या बेकरीत एक पाव तोलायची, आणि दुपारी परतताना उरलेल्या सहा ठिकाणचे पाव विकत घेऊन घरी तोलायची. चार दिवस आई, बाबा आणि शेजारी पावच खात होते. पाचव्या दिवशी तक्ता तयार झाला. मामाचा पाव चारशे ग्रॅम, बाकी सगळ्यांचे तीनशे ऐंशी-पंच्याऐंशी. म्हणजे मामा सच्चा आणि बाकी सहा जण लबाड! ती धावतच बेकरीत गेली.

मामाने तक्ता पाहिला. आधी गालातल्या गालात हसला, मग इतका हसला की त्याला पिठाच्या पोत्यावर बसावे लागले.

"अगं ऐक गं," त्याने मामीला हाक मारली, "बेकरीवाल्याची भाची गरम पाव तोलते!"

"मग काय झालं?" वकीलबाई फणकारली.

"भट्टीतून निघाल्यावर पाव श्वास सोडतो, बाई. त्यातली वाफ जात राहते. सकाळचा चारशेचा पाव दुपारी चारशेचा राहत नाही. त्या सहा जणांना चोर ठरवलंस, आणि चोरी केलीय हवेने."

वकीलबाईचा चेहरा उतरला. पाच दिवसांची मेहनत वाफेबरोबर उडून गेली होती. पण तिने रडत बसण्याऐवजी विचारले, "किती वेळाने स्थिर होतं वजन?"

"तीन तास धर."

पुढचे दोन दिवस तिने सातही बेकऱ्यांत भट्टीची वेळ विचारून घेतली आणि बरोबर तीन तासांनी प्रत्येक पाव तोलला. या वेळी तक्ता अगदी सपाट निघाला. मामासकट सगळ्यांचे पाव तीनशे ऐंशी-पंच्याऐंशीचे. कोणी कोणापेक्षा लबाड नाही. सांगण्यासारखे काही उरलेच नाही, असे तिला वाटले. मग एकदम तिच्या डोक्यात आले : सात निरनिराळ्या माणसांचे पाव इतके सारखे कसे?

तिने मामाला विचारले. मामा, जो कधी गप्प बसत नसे, तो भट्टीचे दार उगाच उघडू-मिटू लागला.

"सांगून टाका की," मामी म्हणाली. "साचे बदलले सगळ्यांनी, चार वर्षांपूर्वी. साचे करणारा पत्रेवाला एकच आहे, मग पाव सारखेच होणार."

"आणि जुने साचे?"

"माझ्या फुलझाडांना लागले."

मागच्या अंगणात ओळीने पत्र्याचे साचे होते आणि त्यांत झेंडू फुलला होता. वकीलबाईने एका साच्यातले रोप काढून दुसऱ्यात लावले, साचा घासूनपुसून त्यात पाणी मोजून ओतले. सव्वा लिटर मावले. नव्या साच्यात बरोबर एक लिटर. ती आणखी चार बेकऱ्यांत फिरली. एकाकडे जुना साचा खिळे ठेवायला होता, एकाकडे त्यात मांजर जेवत होते. सगळीकडे आकडा तोच. सहा वर्षांत पावाचा दर वाढला नव्हता हे खरे. पण पावच पाचव्या हिश्शाने लहान झाला होता.

हे तिच्या हाती लागलेले घबाड होते, आणि संकटही तेवढेच मोठे. धोरण यशस्वी झाले, ही तिची बाजू कोसळली होती. आणि हे लिहायचे तर सात बेकऱ्यांच्या यादीत मामाची बेकरीही येणार होती.

"लिहिणार?" मामाने विचारले. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"लिहावं लागेल, मामा. तू सोडून बाकी सहा लिहिले, तर तो निबंध नाही, चहाडी होईल."

मामाने पिठाचा गोळा पुढे ओढला. मग म्हणाला, "लिही. पण साचा लहान केला एवढंच लिहू नकोस. का केला, ते लिही. बस तिथे, वही काढ."

तो मळता मळता बोलत गेला आणि ती लिहीत गेली. पीठ महागले, सरपण महागले, दर मात्र खिळ्याने ठोकल्यासारखा. "माझ्यापुढे दोन दारं होती. पाव लहान करायचा, नाहीतर बेकरीला कुलूप लावायचं. कुलूप लावलं असतं तर गरिबाला लहान पावही मिळाला नसता. पहिल्या दिवशी नव्या साच्यातला पाव गिऱ्हाइकाच्या हातात देताना मी त्याच्याकडे बघितलं नाही. हे पण लिही. सरकारने मला दर बांधून दिला, आणि मान खाली घालायला लावली."

तिने एकही शब्द सजवला नाही. नेटके करून वाचून दाखवले. मामाने दोन ठिकाणी सुधारले, एका ठिकाणी मामीने सुधारले. मग त्याने पिठाच्या बोटांनी पेन धरून सही केली. "आता बरोबर," तो म्हणाला, "हा माणूस माझ्या ओळखीचा आहे."

आपली बाजू तिला नव्याने उभी करावी लागली. दोन दिवस ती लायब्ररीत सरकारी अहवाल आणि पिठाच्या भावाची जुनी वर्तमानपत्रे चाळत बसली.

दहाव्या दिवशी सरांनी वर्गात निबंध हातात घेतला. आधी सही पाहिली. मग मामाची बाजू मोठ्याने वाचली. गिऱ्हाइकाकडे न बघण्याचे वाक्य त्यांनी दोनदा वाचले.

"ही बाजू इतकी भक्कम आहे," सर म्हणाले, "मग दर काढूनच टाकायचा ना?"

"नाही सर. दर नगावर बांधला, म्हणून नग लहान झाला. दर वजनावर बांधायचा. आणि दर सहा महिन्यांनी पिठाच्या भावाप्रमाणे तो बदलायचा. म्हणजे गरिबाला पाव किती मिळतो ते कळेल, आणि बेकरीवाल्याला पाव लहान करावा लागणार नाही."

"छान. मी बेकरीवाला आहे," सर टेबलावर बसले. "तू वजनावर दर बांधलास. मी भट्टीतून काढल्या काढल्या तोलून विकणार. पाण्याचे पैसे घेणार. काय करशील?"

वर्ग हसला. वकीलबाई हसली नाही.

"पान अकरा, सर. वजन भट्टीतून काढल्यानंतर तीन तासांनी धरायचं. मी स्वतः ही चूक केलीय. खाली तळटीप आहे, दोन्ही तक्ते जोडलेत. चुकलेलाही."

सरांनी पान अकरा उघडले आणि चुकलेला तक्ता बरोबरच्या तक्त्यापेक्षा जास्त वेळ पाहिला. मग आणखी दोन प्रश्न विचारले. दोन्ही तिने परतवले. तिसरा त्यांनी विचारला नाही.

"वीस वर्षांत," ते वर्गाकडे वळून म्हणाले, "स्वतःची चूक तक्त्यासकट जोडलेला हा पहिला निबंध." आणि त्यांनी त्यावर त्या वर्षातले सगळ्यात जास्त गुण लिहिले.

ती बेकरीत पोहोचली तेव्हा पावासाठी रांग लागली होती. तिने रांगेच्या टोकापासूनच ओरडून गुण सांगितले. मामाने हातातला पाव गिऱ्हाइकाला द्यायचा सोडून तो उंच धरला.

"ऐका हो सगळे! ही माझी भाची. माझ्या विरुद्ध निबंध लिहून पहिली आली!"

"विरुद्ध?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "आणि तुम्ही नाचताय?"

"आजी, माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडून मग मला विरोध केलाय तिने. असा विरोध नशिबाने मिळतो."

म्हातारीने पाव हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि वकीलबाईकडे वळली. "मग पोरी, हा पुन्हा मोठा होणार का?"

"तेच लिहिलंय, आजी," वकीलबाई म्हणाली, आणि तिथेच रांगेत उभी राहून तिला पहिल्या पानापासून समजावून सांगू लागली.