सावलीत उभी असलेली आई

मित्रांनो, फोटोवाल्या काकांच्या दुकानात, कोपऱ्यातल्या टेबलावर पाकिटांच्या ढिगाखाली जो राखाडी डबा दिसतो ना, तो मी. जुना स्कॅनर. कारखान्यात माझ्या काचेखाली दिवा बसवला आणि काम दिलं: कागदावर उजेड-अंधार जसा असेल तसा सांगायचा. मी तेवढंच करतो. खोटेपणा माझ्या पुढे, कॉम्प्युटरच्या पडद्यावर सुरू होतो.

तिथे माझ्यासाठी तीन पट्ट्या आहेत. ब्राइटनेस सरकवला की सगळंच सरसकट उजळतं. कॉन्ट्रास्टने पांढरं आणखी पांढरं होतं, काळं आणखी काळं. गॅमा मात्र काळ्या-पांढऱ्याच्या वाटेला जात नाही, मधल्या छटा तेवढ्या मोकळ्या करतो. त्याच्याकडे कुणी फिरकायचं नाही. काकांचा हात सवयीने ब्राइटनेसवरच. सावळी माणसं पिठात लोळल्यासारखी होऊन घरी जायची आणि वर लोक म्हणायचे, "काय झकास मशीन आहे हो!" असलं कौतुक चुलीत घाला.

एक दिवस शिवणकाम करणारी एक मुलगी आली. सोबत तिची मावशी. मुलीच्या हातात आईचा एकुलता एक फोटो होता. आई गेली तेव्हा ही पाळण्यात. फोटोत पांढऱ्या भिंतीपाशी, छपराच्या सावलीत एक बाई उभी होती आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. आपली आई दिसायची कशी, हे या पोरीला ठाऊकच नव्हतं.

काकांनी ब्राइटनेस वाढवला. भिंत उजेडात नाहीशी झाली, चेहरा राखेसारखा झाला.

"अगंबाई, किती छान उजळली!" मावशी म्हणाली.

"ही आई?"

"भिंतीवर लावायचाय ना? चारचौघांत बरी दिसू दे. जन्मभर काळी काळी म्हणून ऐकून घेतलं बिचारीने."

"मग तू तरी दुसरं काय म्हणतेयस, मावशी? फक्त गोड बोलून." मुलगी काकांकडे वळली. "काका, मला गोरी बाई नकोय. माझी आई दाखवा."

"मी काय जादूगार आहे, पोरी?" असं पुटपुटत काकांनी कॉन्ट्रास्ट ओढला. होते नव्हते ते डोळेही बुडाले. मुलगी फोटो उचलायला पुढे झाली.

"थांब जरा." काकांनी दोन्ही पट्ट्या मागे नेल्या आणि गॅमा सरकवला. हळूहळू, दर खेपेला माझा दिवा पुन्हा फोटोवरून फिरवून बघत.

आधी कपाळ आलं. मग गालाची हाडं, डोळे. रंग सावळाच राहिला, भिंतही जागची हलली नाही. शेवटी ओठ दिसले. खालचा ओठ दातांखाली दाबून तिने हसू अडवलं होतं.

मावशीने चष्मा काढला. "हा फोटो मी काढला होता," ती म्हणाली. "हलू नकोस म्हणून मी दरडावतेय आणि ही मेली आपली हसतेय! विसरलेच होते बघ."

"हसत होती?"

"पोटात तू होतीस. तरी खिदळणं काही थांबेना."

मुलगी पडद्याजवळ सरकली. मग मावशी म्हणाली, "काका, याची एक प्रत मलाही काढून द्या. अशीच हवी."

आता लोक मोबाइलने फोटो काढतात आणि तो तर न विचारताच सगळ्यांना धुऊन गोरं करतो. मित्रांनो, माझ्या काचेवर धूळ बसली आहे. पुसलीत तर बरं वाटेल, नाही पुसलीत तर राहिलं. पण तुमच्या घरातलं कुणी जुन्या फोटोत असं काळवंडून गेलं असेल, तर त्याला गोरं करून टाकू नका. थोडा धीर धरा. त्याचा चेहरा तिथेच असतो.