शुक्रवारचं कुलूप

चार वर्षं सॉफ्टवेअरच्या दर रिलीजला मी एकतीस कमांड्स हातानं टाइप केल्या. कारण काय, तर आमचे मॅनेजर शेषाद्रीराव म्हणायचे, संयुक्ताचा हातगुण चांगला. हातगुण कसला डोंबलाचा! मी यादी नीट वाचत होते, एवढंच.

फेब्रुवारीत मी एका जुन्या लिनक्स मशीनवर जेनकिन्स हा ऑटोमेशन सर्व्हर बसवला आणि त्या एकतीसही कमांड्स त्याच्या गळ्यात मारल्या. कुणीही नवा कोड दिला की तोच तपासणार, तोच पाठवणार.

शेषाद्रीराव आमच्यासारखेच तंजावरी मराठी. चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या काचेच्या ऑफिसातही राहुकाळाची अशुभ वेळ पाळणारे. शुक्रवारी साडेदहा ते बारा काही पाठवायचं नाही, म्हणून शेजारी बसून त्यांनी मला सर्व्हरवर तेवढ्या वेळाचं कुलूप घालायला लावलं. घातलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी चारला सर्व्हर अडून बसायचा, तो साडेपाचापर्यंत. शेवटी या शुक्रवारी सकाळी ते सगळ्यांसमोर म्हणाले, “हे मशीन नक्को, संयुक्ता. राहुकालांत बसविलंस, म्हणून अडतंय. सोमवारपासून तूच हातानं कर.”

माझं डोकं सणकलं. पुन्हा त्या एकतीस कमांड्स? मी जागेवर जाऊन सर्व्हरच्या नोंदी उघडल्या.

चूक माझीच होती. घड्याळ भारतीय वेळेवर लावायचं राहून गेलं होतं. सर्व्हर साडेपाच तास मागे होता, त्याचे साडेदहा म्हणजे आपले चार. कुलूप दुपारी लागत होतं आणि राहुकाळ सताड उघडा! बारा शुक्रवारांत, ऐन राहुकाळात, तेवीस वेळा कोड गेला होता. एकदाही गडबड नाही.

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. “घड्याळ माझ्यामुळं चुकलं, सर. पण हे तेवीस बघा.”

त्यांनी यादी दोनदा वाचली. “अय्यो! सेरी, बरं, घड्याळ नीट कर. कुलूप आपसूक जागेवर येईल.”

“घड्याळ नीट करते. कुलूप काढते.”

“आणि काही झालं तर?”

“मी निस्तरीन. पण हातानं रिलीज करणार नाही.”

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी जागेवर बसून दोन्ही कामं केली. अकराला दहा मिनिटं होती. शेजारच्या विशालाक्षीचा कोड तयार होता. शेषाद्रीरावांकडे बघत तिनं हळूच विचारलं, “पाठवू?”

“पाठव,” मी म्हणाले, आणि सगळ्यांना दिसतील असे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले.