गुलाल लागलेली काच

जरा थांबा. मला कडेनं धरा. मधोमध बोट लावलंत तर ठसा उमटेल, आणि ठसा उमटला की इथल्या संशोधक पवित्राबाई कुणाची गय करत नाहीत, मग तो नवा विद्यार्थी असो नाहीतर खुद्द कुलगुरू. हं, आता बरोबर. मी काचेची एक पट्टी बोलतेय. कोल्हापुरात, विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत माझा मुक्काम असतो.

जन्मानं मी साधीच. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवायला ज्या पट्ट्या मिळतात ना, त्यांतली एक. पुठ्ठ्याच्या डबीत बहिणींना चिकटून मी इथं आले. त्या बहिणींतल्या बऱ्याच जणी बेसिनमध्ये फुटल्या. माझं नशीब जोरावर म्हणून मी पवित्राबाईंच्या हाती लागले.

त्यांनी मला तापल्या शेगडीवर निजवलं आणि माझ्यावर कथिलाच्या क्षाराचा बारीक फवारा मारला. काचेतून वीज जात नाही, पण त्या फवाऱ्यानंतर माझ्या अंगावरून ती जाऊ लागली. मग जस्ताच्या द्रावणात बुडवायचं, काढायचं, भाजायचं, पुन्हा बुडवायचं. दोन दिवस हा छळ चालला. शेवटी माझ्या अंगावर दुधावरच्या सायीसारखा पांढरा थर धरला. तो डोळ्यांना सलग दिसायचा, पण आतून सच्छिद्र होता. मी उजेडात गेले की त्या थरातून इवलीशी वीज निघायची. पहिल्यांदा ती निघाली तेव्हा मीच दचकले. काल-परवापर्यंत मी नुसती काच होते हो!

ही गोष्ट १९९८ सालची. माणसं शास्त्रज्ञ का होतात ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही, पण झाल्यावर काय बोलतात ते मी रोज ऐकत होते. सकाळी चहाला फेलोशिप, दुपारी डबा उघडताना ग्रँट, संध्याकाळी कुलूप लावताना पुन्हा फेलोशिप. फेलोशिपचे पैसे यायला उशीर झाला की ज्याचा घसा मोठा त्याला दिल्लीला फोन लावायला बसवायचे. पैसे आले की सगळी टोळी मिसळ खायला पळायची. कुणाचा प्रकल्प मंजूर झाला की त्याचं तोंड आठवडाभर मिटत नसे, आणि ज्याचा नाही झाला तो आमच्यासारख्या पट्ट्या उगाचच पुन्हापुन्हा पुसत बसे.

पवित्राबाई त्या वर्षी पट्ट्या फार पुसत होत्या.

त्या कागलच्या. वडील रुद्राप्पांचं तिथं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. घरात आईला कानडीत अव्वा म्हणायचं, पण बोलायचं मराठीतून. डॉक्टरेट होऊन वर्षं लोटली होती आणि हातातली फेलोशिप मार्चअखेर संपत होती. पुढचा एकच रस्ता होता. तरुण शास्त्रज्ञांसाठी सरकारची एक योजना होती. तिच्यात निवड झाली की तीन वर्षं स्वतःचा प्रकल्प, स्वतःचं टेबल, हाताखाली एक विद्यार्थी. बाईंनी दोनदा अर्ज केला होता, दोनदा नकार आला होता. वयाची अट पस्तिशीची. जूनमध्ये त्यांची पस्तिशी पूर्ण होणार होती, म्हणजे ही तिसरी खेप शेवटची. नाही जमलं तर प्रयोगशाळेतलं खिडकीजवळचं टेबल सोडायचं आणि कागलच्या शाळेत शिकवायला जायचं, असं घरी ठरलंही होतं. शाळा काही वाईट नव्हे. पण बाईंच्या डोक्यात एका प्रश्नानं ठाण मांडलं होतं: शेगडी, फवारा आणि स्वस्तातलं जस्त एवढ्यावर सूर्यापासून पुरेशी वीज काढता येईल का? तो प्रश्न शाळेच्या फळ्यावर सुटण्यातला नव्हता.

मागच्या खेपेला निवड समितीनं सुनावलं होतं की कागदावर सगळ्यांचंच सुंदर असतं, काही करून दाखवा. म्हणून या वेळी बंगळूरच्या मुलाखतीला मी बाईंबरोबर जाणार होते. साऱ्या पट्ट्यांतून माझी निवड झाली, तेव्हा मला जरा शिंगं फुटली हे कबूल करते. खरं तर माझीही वीज बेताचीच होती. पांढऱ्या अंगाची मी, आलेलं बहुतेक ऊन आल्या पावली परत पाठवायची.

मुलाखत मंगळवारी. आदल्या रविवारी बाईंची आई, रत्नव्वा, कागलहून आली. लेकीच्या कामाआधी जोतिबाला जायचंच, असा तिचा हट्ट. देवदर्शन करून परस्पर कसबा बावड्याला मगदूम सरांच्या घरी मला दाखवायचं, म्हणून बाईंनी मला कापसात गुंडाळून डबीत घातलं आणि डबी पिशवीत टाकली. डॉक्टर श्रीपाल मगदूम हे त्यांचे गुरू.

डोंगरावर ही गर्दी! गुलालानं पायऱ्या लाल, माणसं लाल, झाडांची पानंसुद्धा लाल. बाई चपला ठेवायला वळल्या. तेवढ्यात रत्नव्वानं पिशवीतून मला काढलं, डबीचं झाकण उघडलं आणि थेट पुजाऱ्यापुढं धरलं.

"माझ्या लेकीचं काम हाय ह्यात. देवाच्या पायाला लावा," ती म्हणाली.

पुजाऱ्यानं लावलं आणि वर चांगली मूठभर उधळण केली. "चांगभलं!" असा गजर उठला आणि मी कपाळापासून तळव्यापर्यंत गुलालात बुडाले. रत्नव्वा आता मात्र घाबरली. तिनं पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि मला खसाखसा पुसलं. ओला गुलाल माझ्या बारीक बारीक छिद्रांतून आत उतरला आणि एका कडेला खरचटलं ते वेगळंच. तिनं झाकण लावलं आणि मला मुकाट्यानं पिशवीत सरकवलं.

बावड्याला सरांच्या सोप्यात डबी उघडली तेव्हा मी गुलाबी होते.

बाईंनी मला उजेडाकडं धरलं. मग म्हणाल्या, "अव्वा, हे काय केलंस गं?"

"देवाला दावलं. त्यात काय वंगाळ झालं?"

"दोन दिवस लागतात एक पट्टी करायला! उद्या संध्याकाळी माझी बस हाय. आता मी तिथं काय दाखवू? गुलाल?"

"मला काय ठावं तुझं ते? चांगलं व्हावं म्हणून केलं की." रत्नव्वानं पदरानं डोळे टिपले आणि तो पदरही गुलाबी होता.

मगदूम सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "रडायचं नंतर बघू. मेलीय का जिवंत हाय, ते तर तपासू. चला."

रविवारी विभाग बंद. सरांनी कुलूप उघडलं. बाईंनी मला स्पिरिटनं धुतलं, पाण्यानं धुतलं. वरची भुकटी गेली, पण आतला रंग ढिम्म हलला नाही. शेवटी तसंच मला द्रावणाच्या भांड्यात उभं केलं, तारा जोडल्या आणि दिवा लावला.

आणि मीटरचा काटा उठला. रोज तो जांभई दिल्यासारखा हलायचा. त्या दिवशी सरळ चालू लागला आणि रोजची जागा ओलांडून पुढं गेला. बाईंनी दिवा बंद केला, काटा खाली. लावला, काटा वर. तारा बदलल्या, मीटर बदललं, तरी तेच.

"दिव्याच्या उष्णतेनं असंल," सर पुटपुटले. "उन्हात घे बघू."

मग आमची वरात गच्चीवर. दुपारचं ऊन कलायला लागलं होतं. त्या उन्हात मला जे झालं ते सांगायला शब्द तोकडे आहेत. सूर्य मला नवा नव्हता, पण तोवर त्याचा एक चिमटीएवढा हिस्सा मला कळत होता, बाकीचा माझ्या अंगावरून वाहून जात होता. आता तो रंग माझ्या आत बसून हिरवा उजेड झेलत होता आणि ओंजळीनं माझ्या हाती देत होता. एवढा सूर्य रोज माझ्या दारात येऊन परत जात होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता! मी थरारले. काचेला थरारता येत नाही म्हणे. पण त्या दिवशी कुणी मला विचारायला हवं होतं.

"रंगानं थर जागा होतो, असं परदेशात चाललंय काम. मी वाचलंय," सर हळूच म्हणाले. "पण आपल्या गच्चीवर मी पहिल्यांदाच बघतोय, पवित्रा." त्यांनी मीटरला हात जोडले, मग ओशाळून खाली घेतले.

सोमवारी सकाळी काटा निम्म्यावर आला होता. रंगही फिकटला होता. सरांनी बाईंना बाजूला घेऊन समजावलं, "हे बघ, तिथं देवळाचं काढू नकोस. हसतील. रंग आपण विचार करून दिला म्हणून सांग, आणि टिकण्याचं कुणी विचारल्याशिवाय बोलू नकोस." बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही.

संध्याकाळी बंगळूरची बस कागलला थांबली. रत्नव्वा खिडकीखाली उभी होती, हातात भाकरी-चटणीचं गाठोडं. लेकीकडं न बघता म्हणाली, "गेला का गं रंग?"

"जातोय, अव्वा. पण तुझ्यावर राग न्हाय माझा."

"खाऊन घे," एवढंच रत्नव्वा म्हणाली आणि बस सुटली.

मुलाखतीचं दालन गार होतं, आणि लांबलचक टेबलामागं मोठमोठी माणसं बसली होती. सगळं इंग्रजीत चाललेलं, मी तुम्हाला आपल्या बोलीत सांगते. बाईंनी पडद्यावर आलेख दाखवले. मग मला टेबलावर ठेवलं. एका साहेबांनी विचारलं, "अर्जात पांढरा थर लिहिलाय. हा रंग कोणता? प्रमाण काय?"

माझा जीव कडेला आला. एक छोटंसं खोटं, आणि खिडकीजवळचं टेबल कदाचित बाईंचं राहिलं असतं.

"मला ठाऊक नाही, सर," बाई म्हणाल्या. "हा देवळातला गुलाल आहे. माझ्या आईनं लावला." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, ओल्या पदरापासून निम्म्यावर आलेल्या काट्यापर्यंत. दोघे-तिघे हसलेच. एक जण तर पुढचा अर्ज उघडू लागला.

टोकाला एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांनी मला उचललं, कडेनं, आणि खिडकीशी नेलं. तेवढ्यावरून मी ओळखलं की या बाईंचा जन्म काचा हाताळण्यात गेलाय.

"वीज निम्मी का झाली?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही, मॅडम. रंग उडतोय, पण का उडतोय ते मला ठाऊक नाही."

"मग आमच्याकडून तुम्हाला काय हवंय?"

"ते शोधायला वेळ," पवित्राबाई म्हणाल्या. "अर्जात जे लिहिलंय, त्यापेक्षा आता मला हे शोधायचंय."

त्या वयस्कर बाईंनी मला हलकेच पुन्हा कापसावर ठेवलं.

मार्च गेला, फेलोशिप संपली. तरी बाई फुकट येत राहिल्या, टेबल आवरत राहिल्या. मेच्या रणरणत्या दुपारी विभागाचा शिपाई बाळासो जिन्यातूनच ओरडला, "मॅडम! दिल्लीचा फोन आलता. झालं की वो तुमचं!"

बाईंना हसू-रडू एकदमच आलं. मी मात्र वेगळ्याच विचारात गुंगले होते. कुठली कोण माणसं, ना नात्यातली ना गोत्यातली. एक बाई त्यांच्यासमोर उभी राहून तीनदा 'ठाऊक नाही' म्हणते, आणि ती माणसं म्हणतात, जा, शोध, तोवर तुझ्या पोटापाण्याचं आम्ही बघतो. मी आगीतून गेलेय, सूर्य प्यायलेय, पण याहून अचाट काही पाहिलेलं नाही. माणसांना याचं नवल कसं वाटत नाही याचंच मला नवल वाटतं.

जूनमध्ये प्रकल्प सुरू झाला. रत्नव्वा पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आली, ती मला न्यायला. मी पुन्हा जवळजवळ पांढरी पडले होते.

"ही आता घरी देव्हाऱ्यात ठिवू. लई पुण्याची हाय," ती म्हणाली.

बाईंच्या हातात हिऱ्याच्या टोकाची लेखणी होती. "अव्वा, ही मोडायचीय मला."

"मोडायची?" रत्नव्वा हबकली. "देवाच्या पायाला लागलीय ती!"

"रंग आत कुठं उडाला, कुठं राहिला, ते मोडल्याबिगर दिसणार न्हाय. निम्मी मोठ्या यंत्राखाली बघायला पाठवायचीय. त्याच्यासाठीच तर दिलेत मला पैसे." पण लेखणी काही खाली येईना. आईचा चेहरा पाहून बाईंचा हात अडखळला होता.

रत्नव्वानं पदर खोचला. मग म्हणाली, "फोड."

"अव्वा?"

"नवस फेडताना नारळ फोडतोच न्हवं आपण? त्यो काय सांभाळून ठिवायचा असतोय व्हय? फोड."

बाईंनी रेघ ओढली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कट्! दुखलं नाही. मला एवढंच वाटलं की आजवर मला सगळ्यांनी वरूनच पाहिलं, आज पहिल्यांदा कुणी आत बघतंय.

कळलं ते असं: ऊन पिता पिता माझा तो जस्ताचा थरच रंगाला खात होता. चोर घरातच होता! त्याला आवरायचं कसं, यावर बाईंची तीन वर्षं गेली, मग आणखी तीन. पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. पण त्या टेबलावर शिकून बाईंचा विद्यार्थी रुद्रेश जर्मनीला गेला, आदिती जपानला गेली, दोघंही फेलोशिपवर, दोघंही माझ्या कुळातल्या पट्ट्या कापसात गुंडाळून.

आता २००७ साल आहे. यंत्राखाली गेलेलं माझं अर्धं अंग परत आलं नाही, ते कामी आलं. उरलेली मी या खणात असते. वीज माझ्यातून निघत नाही, रंगाचा मागमूस नाही. उद्या खण आवरताना कुणीतरी मला उचलून भंगारात टाकू बघेल, कुणी हळवं होऊन देव्हाऱ्यात नेऊ बघेल. आज तुमच्या हातात आहे, तर तुम्हालाच सांगून ठेवते. तसलं काही करू देऊ नका. जिना चढा, गच्चीवर जा, आणि मला उन्हात ठेवून या.