खंडेरावांचा स्वतःचा पत्ता

मखमलाबादच्या खंडेरावांना भाडेकरू या शब्दाचीच चीड. बायको गेल्यापासून मळ्यात एकटेच, पण घर स्वतःचं. त्यामुळे सायबर कॅफेवाल्या छायाने वेबसाइटच्या पत्त्यातली मेख सांगितली तेव्हा ते बिथरलेच.

"काका, सुरुवातीचं एचटीटीपी म्हणजे जायची रीत. मधलं मोठं नाव ही दुसऱ्याची बिल्डिंग. त्याच्या आधी टिंब देऊन तुमचं नाव, ती त्यातली खोली. फुकट आहे, पण त्यांची."

ती खोली थाटली होती त्यांच्या मुलाने, महेशने. झेंडूच्या मळ्याचे फोटो आणि खाली येणाऱ्याने चार शब्द लिहायची जागा. मग बापलेकांचं वाजलं आणि तो निघून गेला. फोन नाही, ठावठिकाणा नाही. मात्र दर दसऱ्याला त्या पानावर बिननावाची ओळ उमटे, "यंदा झेंडू कसा आहे?" खंडेराव छायाकडून खाली लिहून घेत, "बरा हाय." छायाला वाटे, कुणी गिऱ्हाईक असेल. इतकी वर्षं बापलेक एवढंच बोलले. आतून जीव तुटायचा, पण ताठा आडवा यायचा.

२००६ साली ताठा मोडला. पण पोराला बोलवायचं ते परक्याच्या खोलीत कसं? त्यांनी स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला, फोटो तिकडे हलवले आणि वर लिहून घेतलं, "महेश, घरी ये. माझं चुकलं." जुनं पान छायाला बंद करायला लावलं.

"नवा पत्ता सगळ्यांना कळवा हं," ती म्हणाली.

खंडेरावांनी नुसती मान डोलावली. गावात घर बदललं तरी पोस्टमन माणूस हुडकत येतो. इथेही तसंच असणार, अशी त्यांची समजूत.

दसरा गेला, दिवाळी गेली. ओळ उमटली नाही.

"महेश यंदा आला कसा नाय?"

छाया चपापली. म्हणजे दसऱ्याची ती ओळ गिऱ्हाइकाची नव्हती, महेशची होती. "त्याला नवा पत्ता कुठे माहीत आहे, काका?"

"जुन्यावरून येईल ना इकडं."

"जुनं आपण बंद केलं. तिथून इकडे वाट नाही."

"मग उघड परत."

"सोडलेलं नाव ते बिल्डिंगवाले परत देत नाहीत."

"एचटीटीपी नीट लाव. लावून तर बघ."

"रीत बरोबरच आहे, काका. खोलीच नाही."

खंडेराव पडद्याजवळ सरकले. "तो गेला आसंल तिथं, तर काय दिसलं आसंल त्याला?"

छायाने जुना पत्ता टाकला. इंग्रजीत एकच वाक्य आलं. तिने ते हळूच मराठीत सांगितलं, "हे पान मालकाने स्वतः काढून टाकले आहे."