दोनचाकी की चारचाकी

अंगणात दोन ट्रॉल्या उभ्या होत्या आणि आत जुमाकादिर पोट धरून तळमळत होता. तीन दिवस दुखत होतं. आज ताप चढला, पोट फळीसारखं कडक झालं. बर्फ वितळून कुरणातली वाट चिखलात बुडालेली. रुग्णवाहिका चौदा किलोमीटरवर डांबरी रस्त्याशी थांबणार होती, पुढं यायला ड्रायव्हरनं साफ नकार दिला होता.

त्याच्या बायकोनं, बुरमाकाननं, ट्रॅक्टर दोनचाकीकडं मागं घेतला. हलकी, रुंद टायरची ट्रॉली. तिचं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतं, मग ती चिखलातही पकड सोडत नाहीत. वीस वर्षं तिनं हीच वाट तुडवली होती.

"ती नको!" दारातून सासू ओरडली. "परवा तिच्यातून शेराली म्हाताऱ्याला कबरीकडं नेलंय. चाळीस दिवसांचं सुतक तरी फिटलंय का? माझा पोरगा जिवंत आहे अजून."

"आपा, चारचाकी जड आहे. पुढची चाकं नांगरासारखी घुसतील."

"सूनबाईंना नवरा मढ्याच्या गाडीत बसवायचाय! शोभतं हो."

आतून जुमाकादिर कण्हत म्हणाला, "ऐक गं तिचं. नाहीतर वाटभर माझ्या पोटाआधी तुझं डोकं फुटायचं."

बुरमाकानला हसू आलं, आणि तिथंच ती हरली. तिनं चारचाकी जोडली, लोकरीचा नमदा अंथरून त्याला आत निजवलं; सासूही त्याच्या उशाशी बसली.

सहा किलोमीटर कशीबशी गेली. मग ओढ्याजवळच्या उतारावर पुढची चाकं आसापर्यंत रुतली. फावडं झालं, पोती झाली, अंथरलेला जाड नमदाही चाकांखाली घातला. ट्रॉली हलेना, उलट ट्रॅक्टरच खाली बसू लागला. शेवटी तिनं हुकाची खीळ उपसली, ट्रॉली तिथंच सोडली आणि दोघींनी मिळून त्याला केबिनमध्ये कोंबलं. एकाच्या जागेत तिघं. आईच्या मांडीवर तो धिप्पाड गडी अर्धा मावेना.

"आपा, याला एवढं खायला कशाला घातलंत?" बुरमाकान म्हणाली. कुणी हसलं नाही.

प्रत्येक खड्ड्याला तो कण्हायचा, आणि त्याच्या मुठीत बुरमाकानच्या कोटाचं टोक ओढलं जायचं. ती मुद्दामच जोरात हाकत होती. कण्हणं ऐकू येतंय, तोवर ठीक.

अकराव्या किलोमीटरला खड्डा आला, कण्हणं आलं नाही. कोटही सैल झाला.

"झोपला बघ," सासू कुजबुजली. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती. "दुखणं उतरलं असणार. सावकाश घे गं, उठेल."

बुरमाकाननं वळून पाहिलं नाही. समोर, लांब डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका दिसत होती. तिनं गिअर उतरवला आणि सासूनं सांगितलं तशी, अगदी सावकाश, चालवू लागली.